काइनेज-निरोधक औषधे : बंगळूरच्या एका रेणूची हकीकत

पायात काटा रुतून आत राहिला म्हणजे दुसऱ्या दिवशी तेथे काय होते हे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. जागा लाल होते, हाताला गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची जी चार लक्षणे नोंदवून ठेवली ती हीच होत. ही सूज म्हणजे रोग नव्हे. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंचा समाचार घेण्यासाठी शरीराने केलेली ती धावपळ असते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी त्या जागी गोळा होतात, जंतू नष्ट होतात आणि थोड्याच दिवसांत सर्व पूर्ववत होते.

काही माणसांच्या शरीरात मात्र ही धावपळ थांबतच नाही. आत काटा नाही, जंतूही नाहीत. तरीही बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो ह्याच जातीचा विकार. आता दुसरे उदाहरण घेऊ. रक्तातील किंवा लसिकाग्रंथीतील एखादी पेशी कोणाचीही आज्ञा नसता विभागू लागते, तिच्यापासून झालेल्या पेशीही तोच क्रम चालवितात आणि अखेरीस निरोगी पेशींना जागाच उरत नाही. हा कर्करोग. आमवाताचा रोगी आणि रक्ताच्या कर्करोगाचा रोगी हे रुग्णालयात निरनिराळ्या दालनांत, निरनिराळ्या डॉक्टरांपुढे बसतात. परंतु पेशीच्या आत डोकावून पाहिले तर दोहोंत पुष्कळदा एकाच प्रकारची यंत्रणा बिघडलेली आढळते. एकदा चालू झालेली ती यंत्रणा बंद होत नाही, किंवा चालू होण्याची खूण मिळालेली नसतानाच ती चालू होते.

ही खूण उमटविण्याचे काम ज्या प्रथिनांकडे असते त्यांना काइनेज असे नाव आहे. त्यांना आवर घालणारी औषधे बनविण्याचा उद्योग गेली काही दशके जगभर चालू असून बंगळूर हे त्याचे एक ठाणे बनले आहे. तेथे घडविलेल्या एका रेणूची हकीकत येथे सांगावयाची आहे. मात्र किल्ली समजण्यापूर्वी कुलूप समजून घेतले पाहिजे.

फॉस्फेटाची खूण

स्नायू काम करू लागला की त्याला साखर लागते. ती ग्लायकोजेन ह्या साठ्याच्या रूपाने स्नायूतच असते, आणि तो साठा फोडणारे फॉस्फोरिलेज नावाचे विकरही तेथेच असते. मग विश्रांतीच्या वेळी ते विकर साठा फोडीत का बसत नाही? अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर हे दोघे शास्त्रज्ञ ह्या प्रश्नाच्या मागे लागले होते. १९५५ मध्ये त्यांनी असे दाखवून दिले की ह्या विकराची दोन रूपे असून निष्क्रिय रूपाचे सक्रिय रूप होण्यास एटीपी ह्या द्रव्याची गरज असते. एटीपी म्हणजे अ‍ॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट. पेशीतील बहुतेक सर्व कामे ज्याच्या ऊर्जेवर चालतात ते हे द्रव्य. त्याच्या एका टोकास तीन फॉस्फेट-गट ओळीने जोडलेले असतात. दुसरे एक विकर त्यांतील शेवटचा गट काढून घेते व तो फॉस्फोरिलेजवर नेमक्या एका जागी चिकटविते. तेवढ्याने फॉस्फोरिलेज जागे होते. हे फॉस्फेट चिकटविणारे विकर म्हणजेच काइनेज.

फॉस्फेटाचा गट तो केवढा! त्यात अणू चार-पाच. आणि ज्या प्रथिनावर तो बसतो त्यात ते हजारोंनी मोजावे लागतात. तथापि त्या गटावरील ऋण विद्युत्‌भारामुळे प्रथिनाच्या साखळीची घडी बदलते, झाकलेला भाग उघडा पडतो किंवा उघडा भाग झाकला जातो. कचेरीतील अर्ज शिक्का बसेपर्यंत जागचा हलत नाही आणि शिक्का बसताच पुढच्या टेबलाकडे जातो, तसाच हा प्रकार आहे. पेशीची कचेरी आपल्या कचेऱ्यांहून एका बाबतीत सरस म्हटली पाहिजे. तेथे शिक्का पुसून टाकणारी फॉस्फेटेज नावाची विकरेही सतत कामावर असतात. त्यामुळे कालचा हुकूम आज चालत नाही.

क्रेब्ज व फिशर ह्यांना १९९२ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी, नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात ह्या शोधाचे मोल उत्तरोत्तर वाढत गेले होते. कोंबड्यांच्या अंगात अर्बुद उत्पन्न करणारा राउस विषाणू बराच काळ शास्त्रज्ञांच्या परिचयाचा होता. त्याचे अर्बुदकारी जनुक एक काइनेज बनविते हे १९७८ मध्ये कळून आले. कर्करोगाचा आणि फॉस्फेटाच्या खुणेचा संबंध तेव्हा प्रथमच स्पष्टपणे हाती आला. पुढे मानवी जनुकांची संपूर्ण यादी तयार झाली आणि २००२ मध्ये तीत काइनेजांची गणना करण्यात आली. ती भरली ५१८.

एकसारखी खोबण

आता अडचण पाहा. ह्या ५१८ विकरांना फॉस्फेट मिळावयाचा तो बहुधा एटीपीकडूनच. म्हणून जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात एटीपी बसेल अशी एक खोबण असते. सुसान टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने एका काइनेजाची त्रिमित रचना उलगडून दाखविली. प्रथिनाच्या दोन पाळ्या, एक लहान व एक मोठी. त्या बिजागरीसारख्या एका पट्टीने जोडलेल्या. आणि दोहोंच्या मधील चिरेत ही खोबण. पुढे इतर काइनेजांच्या रचना उलगडल्या तेव्हा सर्वांचा आराखडा हाच निघाला. औषध म्हणून एखादा चपटा, कड्यांचा बनलेला रेणू ह्या खोबणीत एटीपीच्या आधी जाऊन बसला आणि त्याने बिजागरीला घट्ट धरून ठेवले, तर काइनेजाचे काम थांबते. परंतु खोबणी जर सर्वांच्या सारख्या, तर एकीत बसणारा रेणू इतर पाचशेंतही बसणार नाही कशावरून?

ही भीती काल्पनिक नव्हती. जपानमध्ये सातोशी ओमुरा ह्यांनी १९७७ मध्ये मातीतील एका जीवाणूपासून स्टॉरोस्पोरीन नावाचे द्रव्य वेगळे केले होते. १९८६ मध्ये असे आढळले की ते काइनेजाचा अत्यंत प्रभावी निरोध करते. पण तो निरोध एका काइनेजापुरता नव्हता. जवळजवळ जे समोर येईल त्याचा ते निरोध करी. अशा द्रव्याला औषध म्हणता येत नाही, ते विष होय. शिवाय पेशीत एटीपीचा साठा विपुल असतो आणि औषध त्याच्या मानाने कणभरच असावयाचे. एवढ्या गर्दीत कणभर औषधाने आपली जागा पटकवावी आणि तीही नेमकी हव्या त्या काइनेजात, ही अपेक्षा त्या काळी पुष्कळांना अव्यवहार्य वाटत असे.

ही समजूत खोटी ठरविली ती एका रक्ताच्या कर्करोगाने. मज्जेत उद्भवणाऱ्या एका संथ जातीच्या कर्करोगात बाविसावे गुणसूत्र आखूड झालेले असते, हे फिलाडेल्फिया येथे १९६० मध्ये दिसून आले. जॅनेट राउली ह्यांनी १९७३ मध्ये दाखविले की नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे असे होते. ह्या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांस जोडली जातात आणि सदैव चालू राहणारे एक काइनेज जन्मास येते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे निकोलस लायडन ह्यांच्या पथकाने त्याच्याविरुद्ध इमॅटिनिब हा रेणू तयार केला, ब्रायन ड्रुकर ह्यांनी जून १९९८ मध्ये तो रोग्यांना देण्यास आरंभ केला आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. ज्या रोगात मज्जारोपणाखेरीज फारसा उपाय नव्हता तो बहुतेक रोग्यांच्या बाबतीत रोज गोळी घेऊन ताब्यात ठेवण्यासारखा झाला.

इमॅटिनिबला ही निवड कशी साधली? काइनेज कामावर नसताना त्याची खोबण किंचित निराळा आकार धारण करते. विश्रांतीचा हा आकार निरनिराळ्या काइनेजांत पुष्कळच वेगळा असतो आणि इमॅटिनिब त्यात जाऊन बसते. ह्याखेरीज खोबणीच्या आतील बाजूस एक ॲमिनो अम्ल असे असते की ते लहान असले तर मागची पोकळी उघडी राहते आणि मोठे असले तर बंद होते. शास्त्रज्ञ त्याला द्वारपाल म्हणतात. इमॅटिनिब ज्या काइनेजाला आवरते त्याचा द्वारपाल लहान असतो. काही रोग्यांत उत्परिवर्तनाने तो बदलून तेथे अधिक आडमुठा द्वारपाल येऊन बसतो, असे २००१ मध्येच आढळून आले. मग औषध आत शिरत नाही आणि रोग परततो. वाचकांनी हा द्वारपाल ध्यानात ठेवावा. बंगळूरच्या हकीकतीत त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

नकलेकडून नव्या रेणूकडे

इमॅटिनिब भारतात आले ते एका मोठ्या वादासह. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याअन्वये आपल्याकडे औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, ते बनविण्याच्या कृतीला तेवढे मिळे. त्यामुळे परदेशी औषध निराळ्या कृतीने व स्वस्तात बनविण्यात आपले रसायनशास्त्रज्ञ वाकबगार झाले. २००५ पासून कायदा बदलला. नोव्हार्टिस कंपनीने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी पेटंट मागितले. तिच्या औषधास महिन्याला सुमारे १ लक्ष २० हजार रुपये पडत आणि देशी औषधास आठ ते दहा हजार. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई ह्यांनी १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीची मागणी फेटाळली. नवे स्फटिकरूप अधिक गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे त्याचे कारण होते. त्यापूर्वी, मार्च २०१२ मध्ये, मुंबई येथे पेटंट नियंत्रकांनी सोराफेनिब ह्या दुसऱ्या काइनेज-निरोधकाबाबत देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला होता. यकृत व मूत्रपिंड ह्यांच्या कर्करोगावरील त्या औषधाची महिन्याची किंमत सुमारे २ लक्ष ८० हजार रुपये होती. परवान्यानंतर देशी औषध नऊ हजारांच्या आत मिळू लागले.

हे आकडे देण्याचे कारण असे की ह्या औषधांचा विचार केवळ प्रयोगशाळेत संपत नाही. रेणू कितीही नेमका असला तरी तो रोग्याच्या हाती पडला पाहिजे. आणि दुसरीही एक गोष्ट आहे. दुसऱ्याने शोधलेला रेणू स्वस्तात बनविणे हे मोठेच कौशल्य होय, पण अद्याप कोणीच न शोधलेला रेणू शोधणे हे त्याहून निराळे काम आहे. पहिल्यात उत्तर ठाऊक असते. दुसऱ्यात शेकडो रेणू बनवावे आणि ते टाकून द्यावे लागतात, आणि इतके करूनही अखेर हाती काही लागेलच अशी शाश्वती नसते.

हे दुसरे काम बंगळुरात रुजले त्याला तेथील परिस्थिती अनुकूल होती. १९०९ पासूनची भारतीय विज्ञान संस्था तेथे आहे. सिंजीन ही परदेशी कंपन्यांसाठी करारावर संशोधन करणारी संस्था तेथे १९९० नंतरच्या दशकात निघाली. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीचे संशोधनकेंद्रही तेथे होते. क्षयासारख्या रोगांवर औषध शोधणारे ते केंद्र बंद करण्याचा निर्णय कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केला, ही खेदाची गोष्ट होय. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००२ मध्ये ऑरिजीन नावाची एक उपकंपनी काढली. होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटी ह्या औद्योगिक वसाहतीत, संगणकाच्या कारभारासाठी प्रसिद्ध असलेल्या इमारतींच्या शेजारी, तिच्या प्रयोगशाळा आहेत. आपली हकीकत तेथील आहे.

आयरॅक-४

तेथील रसायनशास्त्रज्ञांनी जे काइनेज निवडले त्याचे नाव आयरॅक-४. ते समजण्यासाठी पुन्हा काट्याकडे वळले पाहिजे. काट्याबरोबर जंतू आत आले हे पेशीला कळते कसे? पेशीच्या पृष्ठभागावर ‘टोल’ ह्या नावाचे ग्राही असतात. जंतूंच्या आवरणातील द्रव्ये त्यांना नेमकी ओळखता येतात. ओळख पटली की ग्राहीच्या आतील टोकाशी एमवायडी-८८ नावाची प्रथिने गोळा होतात आणि त्यांच्यावर आयरॅक-४ चे रेणू येऊन बसतात. ही रचना २०१० मध्ये स्फटिकाच्या साह्याने उलगडण्यात आली. सहा एमवायडी-८८, त्यांवर चार आयरॅक-४ आणि त्यांवर त्यांच्याच कुळातील आणखी चार काइनेज, असा एखाद्या गोल जिन्यासारखा तो मनोरा आहे. एकमेकांजवळ येताच आयरॅक-४ चे रेणू एकमेकांवर व शेजाऱ्यांवर फॉस्फेटाची खूण करतात, ती खूण पुढे पुढे जाते आणि शेवटी पेशीच्या केंद्रकात दाहाची द्रव्ये बनविण्याचा हुकूम पोहोचतो.

एखादे प्रथिन अडविले तर माणसाचे काय होईल, हे सहसा औषध दिल्याशिवाय कळत नाही. आयरॅक-४ च्या बाबतीत निसर्गानेच तो प्रयोग करून ठेवला होता. २००३ मध्ये तीन मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. ती मुले एकमेकांच्या नात्यातली नव्हती. परंतु तिघांतही आयरॅक-४ बनविणारे जनुक बिघडलेले होते. पू उत्पन्न करणाऱ्या जीवाणूंचा, विशेषतः न्युमोनियाच्या जीवाणूंचा, त्यांना वरचेवर संसर्ग होई, आणि संसर्ग गंभीर असतानाही ताप व दाहाची इतर लक्षणे कमीच दिसत. अशी आणखी मुले पुढे आढळली. त्यांतील काही लहानपणीच दगावली. परंतु जी वाढली त्यांचे संसर्ग वयाबरोबर कमी होत गेले. इतर बहुतेक जंतूंशी त्यांचे शरीर व्यवस्थित झुंजत होते. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. आयरॅक-४ अडविले तर दाह खरोखरच उतरतो. आणि प्रौढ माणूस ते अडविलेले सोसू शकेल अशी आशा बाळगता येते. पहिली गोष्ट उत्साह वाढविणारी, दुसरी धीर देणारी. मात्र त्या दगावलेल्या मुलांचा विसर पडू देता कामा नये.

आता कर्करोगाकडे. २०११ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील लुई स्टाउट ह्यांच्या गटाने लसिकाग्रंथींच्या एका आक्रमक कर्करोगाची जनुके तपासली. सुमारे तीन दशांश रोग्यांत एमवायडी-८८ च्या २६५ व्या जागी ल्यूसीन ह्या ॲमिनो अम्लाऐवजी प्रोलीन बसलेले आढळले. एका अम्लाच्या ह्या बदलाने मनोरा आपोआप रचला जातो. जंतू नसतानाही जंतू आल्याची वर्दी जात राहते, आणि त्या वर्दीवर कर्कपेशी जगतात. वाल्डेनस्ट्रॉम ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका विकारात तर हाच बदल दहांपैकी नऊ रोग्यांत असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. म्हणजे आमवाताच्या सांध्यात जी तार वाजत असते तीच येथेही वाजत असते. आयरॅक-४ हा दोहोंच्या मधला सांधा.

बंगळूरच्या रसायनशास्त्रज्ञांना ह्या काइनेजाचा एक विशेष उपयोगी पडण्यासारखा होता. आयरॅक-४ चा द्वारपाल टायरोसीन आहे. मानवाच्या काइनेजांत टायरोसीन द्वारपाल असणारे हे एकच कुळ. मोठ्या आकाराचा हा द्वारपाल मागची पोकळी बंद करून टाकतो. म्हणून इमॅटिनिबसारखी लांब किल्ली येथे चालत नाही, रेणूला पुढच्या भागातच आपली पकड बसवावी लागते. ऑक्साझोल व पिरिडीन ही दोन कडी सांधून त्यांनी रेणूचा गाभा तयार केला आणि काइनेजाची रचना समोर ठेवून त्याच्या कडेचे गट बदलीत नेले. अशा कामाची रीत वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. एक रेणू बनवावा, तो परीक्षानळीत शुद्ध विकराला आवरतो का पाहावे, मग जिवंत पेशीत आवरतो का पाहावे, कारण पेशीच्या भिंतीतून आत शिरणे हे वेगळेच काम आहे, तो पाण्यात विरघळतो का, यकृत त्याला किती वेळात मोडते, हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो का, हे तपासावे, मग उंदीर. ह्यांतील कोणत्याही पायरीवर रेणू नापास होतो आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. एक गुण सुधारावा तर दुसरा बिघडतो, हा तर नेहमीचाच अनुभव.

अखेरीस जो रेणू टिकला त्याला प्रथम सीए-४९४८ हा क्रमांक आणि पुढे इमाव्हुसर्टिब हे नाव मिळाले. त्याचा रेणुभार सुमारे ४९१ आहे. ज्या प्रथिनाला तो आवरतो ते त्याच्या सुमारे शंभरपट जड आहे. तो तोंडावाटे घेता येतो. गुम्मडी व्यंकटेश्वर राव, मुरली रामचंद्र आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०२० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हा रेणू फक्त आयरॅक-४ लाच आवरतो असे मात्र नाही. एफएलटी-३ नावाच्या आणखी एका काइनेजालाही तो आवरतो. तेथे हा दोष गुणासारखा ठरण्याचा संभव होता, कारण रक्ताच्या एका तीव्र कर्करोगात हे दुसरे काइनेजही पुष्कळदा बिघडलेले असते.

आधी कोणता रोग?

रेणू दाहावर चालण्यासारखा आणि कर्करोगावरही. मग आधी कोणत्या रोग्याला द्यावयाचा? येथे रसायनशास्त्र मागे राहते आणि हानी-लाभाचा हिशेब पुढे येतो. आमवाताच्या रोग्याला गोळी दहा-वीस वर्षे घ्यावी लागणार. त्याच्या बाबतीत हानीची शक्यता फारच थोडी असली पाहिजे. जॅक ह्या कुळातील काइनेजांचा निरोध करणारे टोफॅसिटिनिब २०१२ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झाले आणि ते पुष्कळांना गुणकारी ठरले. परंतु नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग व मृत्यू ह्यांचा धोका वाढत असल्याची ठळक सूचना त्याच्या वेष्टनपत्रावर छापण्याचा आदेश तेथील औषध-प्रशासनाला द्यावा लागला. जी यंत्रणा दाह उत्पन्न करते तीच इतर वेळी शरीराचे रक्षण करीत असते. तिला वर्षानुवर्षे दाबून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. फायझर कंपनीने आपला आयरॅक-४ निरोधक आमवाताच्या रोग्यांत तपासून पाहिला. बंगळूरच्या रेणूची वाट मात्र कर्करोगाकडे वळली, कारण इतर सर्व उपचार थकलेल्या रोग्याच्या बाबतीत काही धोका पत्करणे न्याय्य ठरते.

मनुष्यावरील चाचण्यांस लागणारा पैसा व अनुभव ऑरिजीनपाशी नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील क्युरिस ह्या कंपनीशी तिने जानेवारी २०१५ मध्ये करार केला. भारत व रशिया वगळता अन्यत्रचे हक्क क्युरिसकडे गेले. २०१८ च्या आरंभी लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या पहिल्या रोग्यास औषध देण्यात आले आणि पुढे मज्जेच्या तीव्र कर्करोगाच्या रोग्यांतही चाचणी सुरू झाली.

एप्रिल २०२२ मध्ये ती अडली. तीव्र कर्करोगाच्या चाचणीतील एक रोगी दगावला. त्याला अनेक विकार झाले होते. त्यांतील एक म्हणजे स्नायूंच्या तंतूंचा झपाट्याने होणारा ऱ्हास. तुटलेल्या तंतूंतील द्रव्ये रक्तात उतरली की मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. औषधाच्या वरच्या मात्रांवर हा परिणाम आधीही दिसला होता. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने नवे रोगी घेण्यास मनाई केली. ज्यांना औषधाचा लाभ होत होता त्यांना ते चालू ठेवण्यास मोकळीक दिली. पुढचे महिने रेणू बदलण्यात नव्हे, तर मात्रा ठरविण्यात गेले. कोणत्या मात्रेला आयरॅक-४ पुरेसे आवरले जाते आणि कोणत्या मात्रेपासून स्नायूंना इजा होऊ लागते, ह्यांच्या दरम्यान सुरक्षित जागा आहे की नाही, हा प्रश्न होता. आधीच जमलेली माहिती पुन्हा तपासण्यात आली, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा ही मात्रा पुढील अभ्यासासाठी धरण्यात आली आणि स्नायूंतील विकरांवर नजर ठेवण्याची पद्धत घालून देण्यात आली. लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठीची मनाई ऑगस्ट २०२२ मध्ये उठली, मज्जेच्या कर्करोगासाठीची जुलै २०२३ मध्ये. ह्या मनाईला काही लोक अडथळा म्हणतील. प्रस्तुत लेखकास ती चाचणीचाच एक आवश्यक भाग वाटते.

त्यानंतरचे लक्ष प्रामुख्याने मेंदूत उद्भवणाऱ्या लसिकापेशींच्या कर्करोगाकडे लागले. एमवायडी-८८ मधील तो एका अम्लाचा बदल ह्या रोगात फार वेळा आढळतो, आणि रक्तातून मेंदूत शिरण्यास बहुतेक औषधांना जी आडकाठी होते ती हा रेणू ओलांडू शकतो असे दिसून आले आहे. तो एकटा न देता इब्रुटिनिबच्या जोडीने दिला जातो. इब्रुटिनिब हेही काइनेज-निरोधकच. ते बीटीके नावाच्या दुसऱ्या काइनेजाला आवरते. कर्कपेशीकडे जगण्याचा हुकूम दोन वाटांनी पोहोचतो, एक वाट आयरॅक-४ मधून व दुसरी बीटीकेमधून. एक बंद केली तर पेशी दुसरीवर भागविते, म्हणून दोन्ही एकदम बंद करून पाहावयाच्या. हा रोग विरळ असल्यामुळे एकेका देशात पुरेसे रोगी मिळत नाहीत आणि चाचणी अनेक देशांतील रुग्णालयांतून चालवावी लागते. काही रोग्यांच्या मेंदूतील गाठी ह्या जोडउपचाराने विरघळल्याचे वृत्त आहे. परंतु रोग्यांची संख्या अद्याप लहान आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत इमाव्हुसर्टिबला कोणत्याही देशात विक्रीची मंजुरी मिळालेली नव्हती. ती मिळाली तर आपल्या देशातील रोग्याला हे औषध कोणत्या किमतीत पडावे हे ठरविण्याचा आरंभ बंगळुरातच करावा लागेल, कारण करारान्वये भारतापुरते हक्क ऑरिजीनने स्वतःकडे राखून ठेवले आहेत.